पेपर तपासणारा नेमकं काय वाचतो?

सत्राचे निकाल लागले की या सदराकडे येणारी पत्रं बदलतात. एरवी एखाद्या कवितेचा अर्थ विचारणारे वाचक मागे राहतात आणि गुणपत्रिका समोर ठेवून लिहिणारे विद्यार्थी, पालक, शिक्षक पुढे येतात. या वेळी आलेल्या पत्रांपैकी चार निवडली आहेत. मी मराठी साहित्य शिकवते, प्राश्निक म्हणून पेपर काढते आणि कॅप सेंटरवर, म्हणजे मध्यवर्ती तपासणी केंद्रावर, बसून उत्तरपत्रिका तपासते. त्या अनुभवातूनच ही उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : मॅडम, मी एस.वाय.बी.ए.ला आहे, विशेष विषय मराठी. आम्हाला ‘बनगरवाडी’ ही कादंबरी नेमलेली आहे. मी ती पूर्ण वाचली. आमच्या घरी मेंढरं आहेत, त्यामुळे वाचताना खूप जवळची वाटली. परीक्षेत ‘बनगरवाडीतील ग्रामजीवनाचे चित्रण सविस्तर लिहा’ असा प्रश्न आला. मी मनापासून, स्वतःच्या शब्दांत लिहिलं. माझ्या मैत्रिणीनं पुस्तक उघडलंसुद्धा नाही, गाईडमधलं उत्तर पाठ करून लिहिलं. तिला ७० पैकी ५१ आणि मला ३८. मग पुस्तक कशासाठी वाचायचं? (एक विद्यार्थिनी, सांगोला तालुका)

उत्तर : पुस्तक वाचायचंच, हे आधी सांगते. पण तुझा राग खरा आहे, आणि त्याचं उत्तर ‘ज्ञानासाठी वाच, गुणांचा विचार करू नकोस’ असं देणं मला पटत नाही. गुणांवर पुढचा प्रवेश ठरतो, शिष्यवृत्ती ठरते, घरात पुढे शिकू देणार की नाही हेही कधीकधी ठरतं.

तुझी उत्तरपत्रिका कशी तपासली गेली असेल ते आधी समजून घे. केंद्रावर गठ्ठे येतात. पहिल्या पानावरचा आसनक्रमांक झाकलेला असतो, त्यामुळे तू कोण, कुठली, पुस्तक किती प्रेमानं वाचलंस, यातलं काही परीक्षकाला माहीत नसतं. त्याच्यापुढे प्रश्नपत्रिका असते आणि बहुतेक वेळा प्राश्निकानं दिलेली उत्तरसूची. अशा १५ गुणांच्या प्रश्नाला सूचीत साधारण हे मुद्दे असतात : माणदेशाचा निसर्ग, धनगरांचं राहणीमान, रूढी आणि समजुती, माणसामाणसांतले संबंध, दुष्काळ. परीक्षक पानावर हे मुद्दे शोधतो. तुझ्या मैत्रिणीच्या उत्तरात ते उपशीर्षकं देऊन, अधोरेखित करून, एकाखाली एक आले असणार. तुझ्या उत्तरातही बहुधा होते, पण तुमच्या घरच्या मेंढरांच्या गोष्टीत मिसळून गेलेले. ते वेगळे काढायला सावकाश वाचावं लागतं, आणि संध्याकाळी गठ्ठा पूर्ण करून द्यायचा असतो.

तरी या सगळ्यात मला मूळ दोष प्रश्नात दिसतो. ‘चित्रण सविस्तर लिहा’ म्हटलं की यादी मागितल्यासारखं होतं, आणि यादी पाठ करता येते. हाच प्रश्न एक-दोन वर्षं आड येत राहतो, म्हणून तर ‘अपेक्षित प्रश्नसंच’ छापले जातात. मला वाटतं, ज्या प्रश्नाचं उत्तर पुस्तक न उघडता देता येतं, तो साहित्याच्या पेपरात असूच नये. व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी १९५५ सालची. ती सांगतो मास्तर, प्रथमपुरुषात. तो वाडीत नोकरीसाठी आलेला, बाहेरचा माणूस; कारभारी मात्र वाडीतलाच, तिथला प्रमुख. आता असा प्रश्न काढून बघ : ‘हीच गोष्ट कारभाऱ्यानं सांगितली असती तर तालमीचा प्रसंग कसा बदलला असता? कादंबरीतल्या तपशिलांच्या आधारे लिहा.’ याचं उत्तर गाईडमध्ये नाही. ज्यानं पुस्तक वाचलंय त्याला मात्र लिहायला खूप आहे. तालीम बांधायची कल्पना मास्तरची, अंगमेहनत वाडीची. त्या कामाकडे म्हातारा कारभारी कुठल्या नजरेनं बघत असेल, मास्तरला न दिसलेलं त्याला काय दिसलं असेल? असं एक वाक्य बदलताच पेपर साहित्याचा होतो. असे प्रश्न काढायला प्राश्निकाला जास्त विचार करावा लागतो आणि तपासणाऱ्यांसाठी उत्तरसूचीऐवजी निकष लिहून द्यावे लागतात, हे खरं. पण ते आमचं कामच आहे.

आता तुझ्यासाठी. प्रश्न बदलेपर्यंत तुला आहे त्या प्रश्नांचीच उत्तरं लिहायची आहेत, तेव्हा स्वतःचं उत्तर परीक्षकाला दिसेल असं लिही. पहिल्या चार-पाच ओळींत तुझं म्हणणं मांड, उदाहरणार्थ ‘या कादंबरीतलं ग्रामजीवन आपल्याला सतत एका बाहेरच्या माणसाच्या नजरेतून दिसतं.’ मग प्रत्येक परिच्छेदाची सुरुवात मुद्द्यानं कर आणि त्याखाली कादंबरीतला एक ठरावीक प्रसंग दे. ‘दुष्काळाचं भीषण वर्णन आहे’ एवढ्यावर थांबू नकोस. दुष्काळात वाडी कशी ओस पडत जाते, कोण कसं निघून जातं, आणि हे मास्तर कोणत्या सुरात सांगतो, ते लिही. तुमच्या घरच्या मेंढरांचा अनुभव अजिबात टाकू नकोस. पाऊस लांबला की घरात काय बोलणं होतं हे तुला माहीत आहे, म्हणूनच त्या पानांवरची एखादी छोटी गोष्ट तुझ्या लक्षात येईल आणि मैत्रिणीच्या येणार नाही. फक्त अनुभव दोन ओळींत सांगून लगेच पुस्तकाकडे परत ये. अनुभवाला गुण नसतात. त्या अनुभवामुळे पुस्तकात तुला जे दिसलं त्याला असतात, आणि चांगला परीक्षक ते भरभरून देतो.

आणखी एक. तुझ्या महाविद्यालयातल्या शिक्षकांना तुझं उत्तर दाखव आणि ‘यात १५ पैकी किती द्याल, आणि का?’ असं विचार. ‘का’ विचारायला घाबरू नकोस.

प्रश्न : मला एका पेपरात ७० पैकी २५ मिळाले आणि मी नापास झालो. बाकी सगळे पेपर चांगले गेले आहेत. पुनर्मूल्यांकनाला अर्ज करू का? मित्र म्हणतात पैसे वाया जातील. (एक विद्यार्थी, लातूर जिल्हा)

उत्तर : पुनर्मूल्यांकनाआधी उत्तरपत्रिकेची छायांकित प्रत माग. ९ ऑगस्ट २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयानं निर्णय दिला आहे की, तपासलेली उत्तरपत्रिका पाहणं हा परीक्षार्थीचा माहिती अधिकारातला हक्क आहे. विद्यापीठांची छायांकित प्रत देण्याची स्वतःची पद्धत असते, तिची मुदत निकालानंतर फार लांब नसते, म्हणून आधी परिपत्रक पाहा.

प्रत हातात आली की तीन गोष्टी तपास. गुणांची बेरीज बरोबर आहे का, एखादं उत्तर किंवा पुरवणीचं पान न तपासता राहिलं आहे का, आतल्या पानांवरचे गुण मुखपृष्ठावर नीट चढवले आहेत का. त्यानंतर आपल्या विषयाच्या शिक्षकांना प्रत वाचायला दे. त्यांना दोन-तीन उत्तरांत स्पष्टपणे कमी गुण दिलेले दिसले तर अर्ज कर. तू उत्तीर्ण होण्याच्या अगदी काठावर आहेस, त्यामुळे माझा कल अर्ज करण्याकडे आहे.

निबंधवजा उत्तरांच्या गुणांत फरक पडतो, ही गोष्ट आजची नाही. अमेरिकेत १९१२ साली डॅनियल स्टार्च आणि एडवर्ड इलियट यांनी इंग्रजी विषयाच्या उत्तरपत्रिकांच्या प्रती अनेक शाळांतल्या शिक्षकांकडे तपासायला पाठवल्या. एकाच उत्तरपत्रिकेला वेगवेगळ्या शिक्षकांनी दिलेल्या गुणांत १०० पैकी ३० हून अधिक गुणांचं अंतर पडलं. हा फरक कमी करता येतो. तपासणीच्या पहिल्या दिवशी सगळ्या परीक्षकांनी त्याच चार-पाच उत्तरपत्रिका तपासायच्या, गुण फळ्यावर लिहायचे आणि फरकावर बोलायचं. तासाभराचं काम आहे. मी जिथे जिथे हे होताना पाहिलंय तिथे नंतरची तपासणी शांतपणे झाली आहे. प्रत्येक केंद्रावर हे सक्तीचं व्हावं, असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न : मी दोन वर्षांपासून तासिका तत्त्वावर मराठी शिकवतो. अंतर्गत मूल्यमापनाचे ३० गुण आमच्या हातात असतात. असाइनमेंट दिली की वर्गातले बहुतेक जण चॅटजीपीटीचं उत्तर हातानं उतरवून आणतात. सगळ्यांना २६-२७ दिले जातात, कारण कमी दिले तर निकालावर परिणाम होतो. मला हे टोचतं. पण माझी नोकरी कायम नाही. काय करू? (एक शिक्षक, जळगाव जिल्हा)

उत्तर : अंतर्गत गुणांचं प्रमाण विद्यापीठागणिक वेगळं आहे, कुठे ७०-३०, कुठे ६०-४०. पण एक गोष्ट सगळीकडे सारखी आहे. सत्रांत परीक्षेत प्रश्न दुसरा कुणी काढतो आणि तपासतो तिसराच. अंतर्गत मूल्यमापनात मात्र प्रश्न तुमचा, वर्ग तुमचा आणि वाचणारेही तुम्हीच. ही मोकळीक वाया जाऊ देऊ नका.

घरून लिहून आणायच्या असाइनमेंटवर गुण ठेवणं बंद करा. हस्तलिखित मागितल्यानं काय होतं ते तुम्ही पाहिलंच आहे. लेखन वर्गात करून घ्या, आणि पुस्तक उघडं ठेवून. मी हे असं करते : नेमलेल्या कादंबरीतलं एक पान देते आणि विचारते, ‘या पानावरचं कोणतं वाक्य काढलं तर पान कोसळेल? का?’ तीस मिनिटं, एक पान उत्तर. स्मरणशक्तीची परीक्षा उरत नाही, नक्कलही करता येत नाही, कारण दोघांनी तेच वाक्य निवडलं तरी कारण आपापलं द्यावं लागतं. अशी उत्तरं वाचायला मला आनंद होतो, आणि तपासायला वेळही कमी लागतो.

दुसरा प्रकार अपरिचित कवितेचा. आय. ए. रिचर्ड्स केंब्रिजमध्ये विद्यार्थ्यांना कवीचं नाव आणि काळ न सांगता कविता वाचायला देत आणि त्यांनी लिहिलेलं गोळा करत. त्यावरचा त्यांचा ग्रंथ १९२९ साली आला. नाव झाकलं की चांगली शिकलेली मुलंही कशी अडखळतात, हे त्यातून दिसलं. आपल्या वर्गात याचा फायदा उलटा होतो. ‘मर्ढेकर म्हणजे नवकविता, यंत्रयुग, निराशा’ ही पाठ केलेली पट्टी कामाला येत नाही, आणि मागच्या बाकावरची एखादी मुलगी, जिला टीपा पाठ होत नाहीत, ती ओळ नीट वाचते म्हणून पुढे जाते. हे मी पुन्हापुन्हा पाहिलं आहे. तिला त्या दिवशी मिळालेले गुण ती विसरत नाही.

तिसरा प्रकार तुमच्या भागासाठी मुद्दाम सुचवते. प्रत्येकानं घरातल्या किंवा गल्लीतल्या म्हाताऱ्या बाईकडून दोन ओव्या लिहून आणायच्या : कुणी म्हटल्या, कुठल्या कामाच्या वेळी म्हणत, त्यातला कोणता शब्द आज घरात वापरला जात नाही. मग वर्गात पाच मिनिटं त्यावर बोलायचं. बोलताना तुम्ही दोन प्रश्न विचारा. ज्यानं खरंच कुणाशेजारी बसून ऐकलंय तो लगेच कळतो.

वर्ग मोठा असेल तर सगळं सगळ्यांकडून एकाच आठवड्यात करून घेऊ नका, गट पाडा आणि सत्रभर पसरवा. गुण कशाला किती हे पहिल्याच तासाला फळ्यावर लिहा आणि त्याचा फोटो मुलांना काढू द्या.

आता नोकरीचं. तुम्ही एकट्यानं गुण कमी केलेत तर त्रास तुम्हालाच होईल, हे मी नाकारत नाही. म्हणून कमी गुण देण्यापासून सुरुवात करू नका, काम बदलण्यापासून करा. आधी विभागप्रमुखांना निकष लेखी दाखवा. मुलांचं वर्गात लिहिलेलं काम जपून ठेवा. तुमच्याकडे प्रत्येकाची तीन-चार पानं असतील तेव्हा एकाला २७ आणि दुसऱ्याला १९ का, हे कुणालाही दाखवता येईल. आणि बऱ्याचदा असं होतं की काम बदललं की १९ वाले थोडेच उरतात.

प्रश्न : आम्ही घरी अहिराणी बोलतो. माझा मुलगा मराठीत बी.ए. करतोय. त्याच्या उत्तरात बोलीतले शब्द येतात, ऱ्हस्व-दीर्घ चुकतं. त्याचे गुण कापले जातात. साहित्य समजत असूनही तो मागे पडतो. (एक पालक, धुळे)

उत्तर : साहित्याच्या पेपरात आशय आणि लेखन यांचे गुण वेगळे असावेत, असं मी अभ्यास मंडळाच्या बैठकांत मांडत आले आहे. १५ पैकी दोन किंवा तीन गुण लेखनाला, बाकी समजुतीला. शुद्धलेखनाचे नियम मराठी साहित्य महामंडळानं १९६२ साली ठरवले आणि १९७२ साली त्यांत भर घातली. ते विद्यार्थ्याला यायला हवेत, पण ऱ्हस्व-दीर्घ चुकलं म्हणून कवितेचं वाचन चुकलेलं नसतं. बहिणाबाई चौधरींची खानदेशी बोली अभ्यासक्रमात गौरवानं शिकवायची आणि त्याच पट्ट्यातल्या मुलाच्या उत्तरातल्या शब्दाभोवती लाल गोल काढायचा, हे मला अन्यायाचं वाटतं.

मुलाला दोन गोष्टी सांगा. विवेचन प्रमाण मराठीत लिहायचा सराव करू दे. रोज एक परिच्छेद, आणि तो शिक्षकांकडून किंवा चांगलं लिहिणाऱ्या मित्राकडून तपासून घेऊ दे. सत्रभरात फरक दिसतो. आणि जिथे बोलीतला शब्दच नेमका आहे तिथे तो अवतरणचिन्हांत लिहून पुढे अर्थ द्यायला सांगा. मग परीक्षकाला ती चूक वाटत नाही, त्यात विद्यार्थ्याची जाण दिसते. अभ्यासक्रमात बोलींवरचा ऐच्छिक पेपर असेल तर तो जरूर घेऊ दे. त्या पेपरातले जे प्रश्न इतर मुलांना पुस्तकातून शिकावे लागतात, त्यांची उत्तरं त्याला घरीच, तुमच्याकडून मिळतील.