६जी यायला अजून वेळ आहे, मग एवढ्या मानक संस्था आतापासून एकत्र बसून काय ठरवतायत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही सोलापुरात ई अँड टीसीच्या (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकॉम इंजिनीअरिंगच्या) तिसऱ्या वर्षाला आहात, सेमिनारसाठी ६जीवर वाचायला घेतलं तर आयटीयू, ३जीपीपी, आयईटीएफ, आयट्रिपलई, एट्सी अशी नावांची रांगच लागली. एकाच कामावर एवढ्या संस्था कशाला, त्यांचं एकमेकींशी जमतं का, आणि आपल्याला त्याचं काय?

मी जिनिव्हाला, आयटीयूच्या बैठकांना, गेलेला माणूस नाही. सोलापुरात फायबर इंटरनेटच्या धंद्यात आहे. हे लोक जे लिहितात, ते शेवटी आमच्या हातात पडतं. त्यामुळे उत्तर त्या टोकावरून देतो.

पहिली गोष्ट, सगळे एकाच कामावर नाहीत. कामं वाटून घेतलेली आहेत आणि सहकार्य म्हणजे मुख्यतः दुसऱ्याच्या कामात हात न घालणं, आणि जिथे दोघांची हद्द लागते तिथे आधी विचारून घेणं. जिथे हे पाळलं जातं तिथे ग्राहकाला काही कळतही नाही. जिथे पाळलं जात नाही, तिथला भुर्दंड आमच्यासारख्यांवर येतो.

आयटीयू ही आज संयुक्त राष्ट्रांची संस्था, पण मूळ १८६५ सालची, तारायंत्रासाठी स्थापन झालेली. तिथे देश सदस्य असतात. ती ६जीचा रेडिओ तयार करत नाही. कोणत्या लहरी कोणत्या कामाला, आणि ६जी म्हणवून घ्यायचं तर अंगात काय पाहिजे, हे ती ठरवते. कागदोपत्री तिथे ६जीला आयएमटी-२०३० म्हणतात आणि त्याचा आराखडा नोव्हेंबर २०२३ मध्ये एम.२१६० या शिफारशीत आला. प्रत्यक्ष रेडिओ आणि टॉवरांमागचं कोअर नेटवर्क लिहिण्याचं काम ३जीपीपीचं. इंटरनेटचे प्रोटोकॉल, म्हणजे यंत्रांनी एकमेकांशी बोलायचे नियम, आयईटीएफचे, वायफाय आणि इथरनेट आयट्रिपलईचं.

३जीपीपीची एक गंमत बहुतेकांना माहीत नसते: तिला स्वतःचं कायदेशीर अस्तित्वच नाही. डिसेंबर १९९८ मध्ये ती सुरू झाली आणि आज सात संघटना मिळून ती चालवतात: युरोपची एट्सी, अमेरिकेची एटिस, चीनची सीसीएसए, कोरियाची टीटीए, जपानच्या एआरआयबी व टीटीसी, आणि आपली टीएसडीएसआय. ३जीपीपीत मंजूर झालेला मजकूर या संघटना आपापल्या नावाने छापतात. म्हणून ३८.३३१ हा दस्तऐवज एट्सीकडे १३८ ३३१ या नंबराने सापडतो. आपल्याकडे टीएसडीएसआयने छापलेलं टीईसी, म्हणजे दूरसंचार विभागाचं अभियांत्रिकी केंद्र, राष्ट्रीय मानक म्हणून स्वीकारतं. सेमिनारमध्ये नंबर देताना घोळ होतो तो इथेच.

आता सहकार्य नीट जमलं की काय होतं, ते बघा. भारतातलं ५जी मुख्यतः टीडीडी पद्धतीचं आहे: एकाच फ्रिक्वेन्सीवर टॉवर थोडा वेळ बोलतो, थोडा वेळ ऐकतो. समजा सात रस्त्याजवळचा टॉवर ऐकतोय आणि पार्क चौकातला त्याच क्षणी बोलायला लागला, तर पहिल्याला तुमचा मोबाइल ऐकूच येणार नाही. म्हणून शेजारच्या टॉवरांची घड्याळं ३ मायक्रोसेकंदांच्या आत जुळलेली असावी लागतात. ही गरज सांगितली ३जीपीपीने. नेटवर्कवरून वेळ पोचवायचा प्रोटोकॉल आयट्रिपलईचा, १५८८ नंबरचा. पण तो कारखान्यांपासून वीजकेंद्रांपर्यंत सगळ्यांसाठी लिहिलेला, त्यात पर्याय ढीगभर. टेलिकॉमवाल्यांनी त्यातले नेमके कोणते वापरायचे, हे आयटीयूने जी.८२७५.१ मध्ये बांधून दिलं. तिघांपैकी कोणीही ‘माझं घड्याळ वेगळं’ म्हणालं नाही.

असं काम पत्रांनी चालतं. त्या पत्राला लायझन स्टेटमेंट म्हणतात. एका गटाची बैठक संपली की दुसऱ्या संस्थेच्या गटाला पत्र जातं: आम्ही इथवर आलोय, तुमच्या या कलमाचा अर्थ आम्ही असा घेतो, पुढच्या बैठकीआधी कळवा. वाचायला अतिशय रटाळ. पण जुळणी खरी तिथेच होते, परिषदेच्या स्टेजवर नाही. आयईटीएफ आणि ३जीपीपीने एकमेकांशी कसं वागायचं, याचा तर २००१ मध्ये स्वतंत्र आरएफसीच (आयईटीएफचे दस्तऐवज या नावाने निघतात) निघाला, ३११३ नंबरचा. व्होल्टीईवर, म्हणजे ४जीवरून, कॉल लावताना आतमध्ये आयईटीएफचा कॉल जोडणारा सिप प्रोटोकॉल चालतो, तो या समजुतीतूनच.

आता न जुळल्याचं उदाहरण, आमच्या गल्लीतलं. घरी येणाऱ्या फायबरची दोन घराणी आहेत: आयटीयूचं जीपॉन आणि आयट्रिपलईचं ईपॉन. काम एकच, एका फायबरवर स्प्लिटर लावून अनेक घरं जोडायची. दोन्ही साधारण २००३-०४ मधली. दोन्हींत घराकडे येणारा प्रकाश १४९० नॅनोमीटरचा, परत जाणारा १३१० चा. पण आतली भाषा पूर्ण वेगळी. जुळे सोलापुरात एखादा ग्राहक जुन्या कंपनीचा डबा (घरात फायबर जोडतात ते उपकरण) जपून ठेवतो आणि म्हणतो, “डबा हाय की आमच्याकडं, नवा कशाला घ्यायचा?” आम्ही पॉवर मीटर लावतो, उणे १९ डीबीएम, म्हणजे प्रकाश उत्तम. एलओएसचा, म्हणजे प्रकाश येत नसल्याचा, लाल दिवा विझलेला. आणि पॉन लिहिलेला हिरवा दिवा नुसता लुकलुकतोय, स्थिर व्हायचं नावच नाही. डबा ईपॉनचा आणि आमचं यंत्र जीपॉनचं. ग्राहकाला वाटतं आपण नवा डबा गळ्यात मारतोय. त्याला आयट्रिपलई आणि आयटीयू कुठे समजावत बसणार?

कुर्डुवाडीचं जुनं स्टेशन ज्यांनी पाहिलंय त्यांना हे लगेच कळेल. मुंबई-सोलापूरची मोठी लाइन आणि बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी अरुंद लाइन एकाच स्टेशनात, पण डबा एकीवरून दुसरीवर जात नाही. माल उतरवा, पुन्हा भरा.

शेवटी तोड काढली चिप बनवणाऱ्यांनी. एक्सपॉन नावाने दोन्ही बोलणारे डबे बाजारात आले. पुढच्या पिढीत मात्र संस्थांनी थोडं शहाणपण दाखवलं. आयटीयूचं एक्सजी-पॉन आणि आयट्रिपलईचं १० जी ईपॉन या दोन्हींनी १५७७ आणि १२७० नॅनोमीटरच घेतले, त्यामुळे लेझरसारखे महागडे सुटे भाग सामाईक झाले. वरची भाषा तरी वेगळीच राहिली. त्यापुढे तर वेगाचा आकडाही फुटला: आयट्रिपलईने एका लहरीवर २५ गिगाबिट धरले, आयटीयूने ५०. आणि मानक एक असलं म्हणजे सुटलो असंही नाही. जीपॉनमध्येसुद्धा एका कंपनीचा डबा दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर कधीकधी अर्धवटच चालतो: इंटरनेट येतं, फोन येत नाही. म्हणून ब्रॉडबँड फोरम नावाची आणखी एक संघटना डब्यांच्या चाचण्या घेऊन प्रमाणपत्र देते.

भांडणं होतात का? होतात, आणि ती पैशांची असतात. मानकात तुमचं पेटंट बसलं की पुढे प्रत्येक हँडसेटमागे रॉयल्टी. २०१६ मध्ये ५जीसाठी एरर करेक्शनचा, म्हणजे वाटेत झालेल्या चुका दुरुस्त करणारा, कोड निवडताना ३जीपीपीत कंपन्यांचे तट पडले. तोडगा निघाला तो असा: डेटासाठी एलडीपीसी नावाचा कोड, नियंत्रणाचे संदेश नेणाऱ्या कंट्रोल चॅनलसाठी पोलर नावाचा. तांत्रिक म्हणा नाहीतर राजकीय, पण काम पुढे गेलं. एकमत होईना तर ३जीपीपीत मतदान आहे, ७१ टक्के लागतात. आयईटीएफमध्ये तेही नाही. तिथे सभागृहाचा कल बघायला लोक चक्क तोंड मिटून गुणगुणतात आणि अध्यक्ष आवाजावरून अंदाज घेतो. रॉयल्टी किती खरी असते बघायचं असेल तर दिल्ली उच्च न्यायालयाचा मार्च २०२४ चा निकाल काढा: एरिक्सनच्या पेटंटांसाठी लाव्हा कंपनीला सुमारे २४४ कोटी रुपये भरायला सांगितलं होतं.

‘आपल्याला काय?’ याचं उत्तर ५जीआय या भारताच्या स्वतःच्या ५जी मानकात आहे. युरोपात गावं जवळजवळ, टॉवरही जवळजवळ. आपल्याकडे करमाळा किंवा सांगोल्याच्या बाजूला एका टॉवरपासून दुसरा कुठच्या कुठे असतो. भारताने आयटीयूत आग्रह धरून ५जीच्या परीक्षेत ६ किलोमीटर अंतरावरच्या टॉवरांची ग्रामीण कसोटी घालायला लावली. मग टीएसडीएसआयने, मद्रास आणि हैदराबादच्या आयआयटींच्या कामावर, मोबाइलकडून टॉवरकडे जाणारा सिग्नल लांब पोचवणारा बदल करून ५जीआय नावाचं मानक केलं, आणि आयटीयूने ते स्वीकारलंही. पण देशातल्या मोबाइल कंपन्याच नको म्हणाल्या, कारण जगात एक आणि भारतात दुसरं म्हटलं की हँडसेट आणि उपकरणं महागणार. शेवटी ते ३जीपीपीच्या रिलीज १७ मध्ये, म्हणजे तिच्या मानकांच्या सतराव्या आवृत्तीत, विलीन झालं. काही जण याला हार म्हणतात. मला वाटतं कसोटी घालून घेणं हा खरा विजय होता, कारण ती सगळ्या जगाला सोडवावी लागली. वेगळं मानक काढणं हा लांबचा रस्ता होता.

म्हणूनच ६जीची घाई आतापासून. आराखड्यात ‘सर्वत्र जोडणी’ हा वापर आधीच आला आहे, भारताने तो लावून धरला होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये आयटीयूची मानकांची जागतिक सभा प्रथमच भारतात, दिल्लीत झाली. ३जीपीपीची ६जीवरची कार्यशाळा मार्च २०२५ मध्ये कोरियात इंचॉनला झाली. अभ्यास रिलीज २० मध्ये, पक्कं मानक रिलीज २१ मध्ये. लहरींचा निर्णय २०२७ च्या जागतिक रेडिओ परिषदेत, शांघायला. आयटीयूचा शेवटचा शिक्का २०३० च्या सुमारास. एखादी गरज २०२९ मध्ये आठवली, तर ती मांडायला फार उशीर झालेला असेल.

सेमिनारसाठी एक सांगतो: यूट्यूबवरचे ‘६जी म्हणजे १०० पट वेग’ छापाचे व्हिडिओ सोडा. ३जीपीपीचे सगळे दस्तऐवज फुकट आहेत, बैठकीत कोणत्या कंपनीने काय मांडलं त्या कागदांसकट. आरएफसी फुकट, आयटीयूच्या बहुतेक शिफारशीही फुकट. आधी एम.२१६० वाचा, फार मोठी नाही. मग ५जीचं ३८.३०० आणि २३.५०१, म्हणजे सांगाडा कळेल. ३८.३३१ ला आत्ता हात लावू नका, तिसऱ्या वर्षाचा निम्मा सेमिस्टर त्यातच जाईल. आणि एखाद्या गटाला दुसऱ्या संस्थेकडून आलेलं एक लायझन स्टेटमेंट शोधून सेमिनारमध्ये दाखवा, तुमच्या गाइडनेही बहुधा ते पाहिलेलं नसेल.