एकच विद्या, तीन क्षेत्रे

प्रश्न : मी संख्याशास्त्रात एम.एस्सी. करीत आहे. पर्यावरण, स्वच्छ ऊर्जा आणि पंचायतीचा कारभार या तिन्हींत मला रस आहे. डेटा सायंटिस्ट म्हणून तिन्हीकडे काम करता येईल का? – एक वाचक, वाळपई

उत्तर : निश्चित येईल, कारण तिन्हीकडे अपुऱ्या माहितीतून खरे चित्र ओळखायचे असते. पर्यावरणाची आणि पंचायतीची माहिती बहुधा जिथे माणसे पोहोचतात तिथूनच गोळा होते. गोव्यात चोडणच्या सलीम अली पक्षी अभयारण्यात पक्षिनिरीक्षक सहज जातात, म्हादई अभयारण्याच्या आतल्या रानात तितके जात नाहीत. त्यामुळे एखाद्या पक्ष्याची नोंद नसणे म्हणजे तो पक्षी नसणे नव्हे. म्हणूनच ‘ऑक्युपन्सी मॉडेल’मध्ये एकाच जागेच्या वारंवार भेटींवरून प्रजाती तिथे असण्याची आणि असल्यास दिसण्याची शक्यता वेगवेगळी काढतात. पंचायतीतही हाच विचार लागू पडतो: ज्या वाड्यावरून (म्हणजे गावातल्या वस्तीतून) तक्रार येत नाही, तिथे नळाला पाणी असेलच असे नाही. हे ओळखणारी माणसे कारभारात हवीत, असे मला मनापासून वाटते.

सौरऊर्जेत मात्र काळाचे भान अधिक लागते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर आभाळ भरलेले असते आणि वीज कमी तयार होते, म्हणून केवळ वर्षाच्या सरासरीवर विसंबू नये.

सुरुवात गावातूनच करा. 2002 च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी लागते आणि ती लोकजैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातील वनस्पती, प्राणी आणि त्यांविषयीच्या स्थानिक ज्ञानाची नोंद, तयार करते. तुमच्या पंचायतीची नोंदवही मागून घ्या, तिच्यातील नोंदी नकाशावर मांडा आणि कोणते वाडे सुटले आहेत, ते समितीला दाखवा.