शेततळ्यात मासे मेले? चुन्याची गोण फोडण्याआधी नमुना काढा

प्रश्न (द्राक्ष बागायतदार, तासगाव): बागेला लागूनच ३० × ३० × ३ मीटरचं शेततळं आहे, त्यात रोहू-कटला सोडलेत. द्राक्षावरच्या उडद्या किडीसाठी फवारणी झाली आणि दुसऱ्या दिवशी भर दुपारी मासे मेले. दुकानदार म्हणतो चुना आणि अँटिबायोटिक टाका. उरलेले मासे विकू का?

उत्तर: विकू नका, खाऊ नका. तळ्यात काहीही टाकू नका.

पहाटे मोठे मासे तोंड वर काढून धापा टाकत असतील तर ऑक्सिजन कमी पडलाय. दुपारी लहान-मोठे सगळेच गिरक्या घेत मेले, पाणकिडेही मेले, तर फवारणीचं औषध तळ्यात गेलंय असं धरून चाला. लॅम्बडा सायहॅलोथ्रिन ४.९ टक्के हे कीटकनाशक फक्त २० मिली, म्हणजे १ ग्रॅम घटक, तुमच्या सुमारे २० लाख लिटर पाण्यात मिसळला तर लिटरला अर्धा मायक्रोग्रॅम होतो. तेवढ्यावर मासे मरू शकतात, झिंगे तर त्याआधीच. फवारणीच्या ब्लोअरची टाकी काठावर विसळली तरी एवढं औषध तळ्यात उतरतं. तळ्यातून पाणी भरायचा पाइप फवारणीच्या टाकीत बुडवून ठेवता, पंप बंद पडला की द्रावण उलटं तळ्यात येतं. हे बऱ्याच तळ्यांवर दिसतं.

नमुना त्याच दिवशी काढा. नुकतेच मेलेले किंवा तडफडणारे, सारख्या आकाराचे ५-६ मासे घ्या, कुजलेले चालत नाहीत. औषध हाताळलेले हात लावू नका. ॲल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळून बर्फात ठेवा, नुसत्या प्लास्टिक पिशवीत नको. पाणी एक फूट खोलीवरून, गडद काचेच्या १ लिटर बाटलीत, हवा न ठेवता गच्च भरा. बोर्डोसारख्या बुरशीनाशकातलं तांबं तपासायचं तर प्लास्टिकची बाटली वेगळी, त्यातलं आम्ल प्रयोगशाळेकडूनच घ्या. २४ तासांत प्रयोगशाळेत पोचवा. सोबत महिनाभरातल्या फवारण्यांची नावं लिहून द्या. नाव न देता 'सगळं तपासा' म्हटलं की नेमकं तेच औषध सुटतं.

आता दुकानदाराचं. चुन्याने औषध 'उतरत' नाही. जादा चुन्याने सामू (pH) ९ च्या वर गेला की पाण्यातला अमोनिया विषारी होतो, उरलेले मासेही जातात. अँटिबायोटिकचा विषबाधेशी संबंधच नाही. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान तर मत्स्यपालनात बंदी असलेली औषधं आहेत. माशांच्या उवांसाठी बागेतलं सायपरमेथ्रिन हे कीटकनाशक तळ्यात ओतायला सांगणारेही भेटतात. अजिबात ओतू नका. डोस निम्मा केला तरी नको!

माझा आग्रह हाप्याचा. एक मीटरचा हापा, म्हणजे जाळीचा पिंजरा, तळ्यात बांधा, १० बोटुकली (बोटाएवढी माशाची पिल्लं) सोडा, ४८ तास बघा. सगळी तगली तरच पुढचं मत्स्यबीज सोडा. मात्र हाप्यातून पाणी मारक आहे का एवढंच कळतं. माशाच्या अंगातला औषधाचा अंश प्रयोगशाळेतच दिसतो, विक्री त्या अहवालावरच.

द्रावण तळ्यापासून दूर, वेगळ्या टाकीत कालवा. काठाला फूटभर बांध घाला, नाहीतर ऑक्टोबर छाटणीनंतरच्या पावसात बोर्डोचं तांबं वाहून येतं. तांबं विघटत नाही, तळ्याच्या प्लास्टिक अस्तरावरच्या गाळात साचतं. तो गाळ उन्हाळ्यात काढा. दूषित पाणी ओढ्यात सोडू नका.

मत्स्यपालनाचं अनुदान: २०२०-२१ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत सर्वसाधारण गटाला खर्चाच्या ४०, अनुसूचित जाती-जमाती व महिलांना ६० टक्के ठरलं होतं. आता काय लागू आहे ते मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारा.