कोथरूडमधल्या आमच्या ४० फ्लॅटच्या सोसायटीचा हिशोब डेटाबेसऐवजी ब्लॉकचेनवर ठेवला तर जास्त सुरक्षित राहील का?

सोसायटीसाठी तरी नाही.

डेटाबेसमध्ये सगळी भिस्त अ‍ॅडमिनवर. पासवर्ड ज्याच्या हाती, तो मार्चची नोंद जूनमध्ये गुपचूप बदलू शकतो. ब्लॉकचेनमध्ये नोंदींचा प्रत्येक गठ्ठा, म्हणजे ब्लॉक, आधीच्या ब्लॉकचा हॅश सोबत बाळगतो. हॅश म्हणजे मजकुरावरून काढलेला, मजकूर जरा बदलला तरी बदलणारा ठसा (बिटकॉइनमध्ये तो एसएचए-२५६ पद्धतीने काढतात). जुना एक आकडा हलवला की पुढची साखळी जुळेनाशी होते, आणि प्रती अनेक संगणकांवर असल्याने लबाडी उघडी पडते.

पण ते संगणक एकमेकांशी संगनमत न करणाऱ्यांचे हवेत. तुमचे तीन नोड, म्हणजे साखळीची प्रत ठेवणारे संगणक, चालवणार कोण? चेअरमन, सेक्रेटरी, खजिनदार! जानेवारी २०१९ मध्ये इथेरियम क्लासिक या क्रिप्टोकरन्सीच्या ब्लॉकचेनवर बहुतांश संगणकीय ताकद एका हाती आली आणि झालेले व्यवहार उलटवले गेले. तुमच्याकडे तर तेवढीही मेहनत नको. शिवाय प्लंबरचं बिल मुळातच खोटं चढवलं तर साखळी तेही इमानेइतबारे जपणार.

पोस्टग्रेस हा साधा डेटाबेसच घ्या. नोंद बदलण्या-पुसण्याचा हक्क रोजच्या वापराच्या खात्याला देऊच नका, चूक उलट नोंदीने दुरुस्त करा. महिनाअखेरीस हिशोबाची फाइल आणि तिचा हॅश सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाका. ४० फोनमधली प्रत कोण बदलणार?