कर्ज काढण्याआधी पंढरपूरला जा

निखिल, तुझा प्रश्न वाचला. सिव्हिल केलंस, सोलापुरात एका ठेकेदाराकडे पाइपलाइनच्या कामावर तीन वर्षं काढलीस. आता निर्वासितांच्या छावण्यांमध्ये पाणी-स्वच्छतेचं काम करायला बाहेर पडायचंय, तर कर्ज काढून इंग्लंडात मास्टर्स करू का, असं विचारलंस. नऊ वर्षं नैरोबीत राहून हेच काम करतेय, म्हणून स्पष्ट सांगते: आत्ता कर्ज काढू नकोस.

भरती करताना आधी बघतात ते हेच, की हा माणूस आणीबाणीत कधी राबलाय का. तो अनुभव तुझ्या जिल्ह्यातच आहे. आषाढीला पंढरपुरात लाखो माणसं चार दिवसांसाठी उतरतात. टँकर, क्लोरीन, तात्पुरती शौचालयं, मैला उपसणं, सगळं छावणीसारखंच. तिथे काम माग, बिनपगारी मिळालं तरी कर. पुण्यात रेडआर इंडिया या कामाचं प्रशिक्षण देते, तेही घे. मग एखाद्या पुरात मदतकार्याला जा.

स्फिअरची, म्हणजे मदतकार्यासाठी जगभर मानली जाणारी किमान मानकं पाठ कर: माणशी रोज किमान 15 लिटर पाणी, 250 माणसांना एक नळ, तो 500 मीटरच्या आत, 20 माणसांमागे एक शौचालय. पण नुसते आकडे बसवून भागत नाही. माझ्या पहिल्या छावणीत शौचालयं हिशेबात चोख होती, तरी अंधार पडला की बायका तिकडे फिरकत नव्हत्या. दाराला आतून कडी नव्हती, वाटेवर दिवा नव्हता. मी स्वतः बाई, आराखडा तपासला मीच, आणि हे मला दिसलं नाही. त्याची रुखरुख अजून जात नाही.

पाण्याचंही तसंच. नळाच्या पाण्यात डीपीडीची (क्लोरीन तपासायची) गोळी विरघळली की तपासणीची नळी गुलाबी व्हायची, क्लोरीन लिटरमागे 0.5 मिलिग्रॅम. तेच पाणी झोपडीतल्या कॅनमधून घेतलं तर रंगच येईना, म्हणजे क्लोरीन उरलंच नव्हतं. कॅनच्या आत बोट फिरवलं, बुळबुळीत लागलं. तो थरच क्लोरीन खात होता. आपल्याकडे नळाला चार-चार दिवसांनी पाणी यायचं, तेव्हा पाण्याच्या दिवशी आई आधी पिंप खसाखसा घासायची. मी वैतागायचे. त्या कॅनपासून मी नळावर मोजून थांबत नाही, घराघरात जाऊन मोजते.

आता अवघड बाजू. करार बहुतेक सहा महिने-वर्षाचे असतात, आणि बऱ्याच ठिकाणी कुटुंब नेता येत नाही. घरी हे आधीच बोलून ठेव. 2025 मध्ये अमेरिकेने मदत आखडली, तेव्हापासून जागाही घटल्यात. फ्रेंच मात्र आजच सुरू कर. काँगो, चाड, नायजर इथे त्याशिवाय निभत नाही.

बायोडेटा पाठव. त्यात नुसतं ‘पाइपलाइनचं काम’ लिहू नकोस. किती व्यासाचा पाइप, किती लांबी, कुठला पंप, गळती कशी शोधली, तेवढं सगळं लिही. मी बघून देते.