बाभळीचं शास्त्रीय नाव का बदललं?

शाळेत बाभूळ म्हणजे ‘अकेशिया निलोटिका’ असं पाठ केलं आणि आता मुलीच्या प्रोजेक्टसाठी शोधलं तर ‘व्हॅचेलिया निलोटिका’ दिसतं. शास्त्रज्ञ मनाला येईल तशी नावं बदलतात का, असं तुम्ही विचारलं आहे. मनाला येईल तशी अजिबात बदलत नाहीत. पण इथे वर्गीकरण आणि नामकरण अशा दोन गोष्टी आहेत, त्या वेगळ्या धरल्या की सगळं उलगडतं.

१७५३ साली स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने बाभूळ लाजाळूसोबत ‘मिमोसा’त घातली होती, म्हणजे नाव याआधीही बदललेलं आहे. तेव्हा दिसणाऱ्या लक्षणांवरून गट पाडत. आज प्रजाती (genus), म्हणजे नात्यातल्या जातींचा गट, मानायची तर एका पूर्वजाचा सगळा वंश तिच्यात यायला हवा. परका शिरता कामा नये आणि घरचा सुटता कामा नये. जुन्या अकेशियात तेराशेहून जास्त जाती होत्या. डीएनए तपासल्यावर दिसलं की तिथे वेगवेगळे वंश एकाच नावाखाली कोंबले होते. म्हणून तिच्या पाच प्रजाती झाल्या. बाभूळ, हिवर, देवबाभूळ व्हॅचेलियात गेल्या. खैर आणि शिकेकाई सेनेगालियात.

हा फरक डोळ्यांनाही दिसतो, मुलीला जरूर दाखवा. बाभळीच्या पानाच्या बुडाशी पांढरट, सरळ काट्यांची जोडी असते. ती मुळात उपपर्णं, म्हणजे देठाच्या बुडाशी येणारी इवली पानं, काटे झालेली. खैराचे काटे आखूड, आकड्यासारखे वाकलेले, आणि ते खोडाच्या सालीतून फुटतात. दोन्ही टोचतात, पण उगम वेगळा, आणि नातं ठरवताना उगमच बघायचा असतो. एकाच लक्षणावर मात्र विसंबू नका. बाभळीची फुलं पिवळ्या गोंड्यांत आणि खैराची लांबट कणसांत येतात, यावरून कुणी नियम काढेल. पण शिकेकाईलाही गोंडेच येतात आणि ती तरी खैराच्या गोतावळ्यातली.

कोकणात रस्त्याकडेला लावलेली ऑस्ट्रेलियन बाभूळ तर आणखी बघण्यासारखी. तिची कोयरीसारखी वाकडी ‘पानं’ खरं तर चपटे झालेले देठ आहेत. बी रुजल्यावर येणाऱ्या पहिल्या पानांना बाभळीसारख्या बारीक पर्णिका असतात, त्या पुढे येत नाहीत. हे झाड आजही अकेशियाच आहे.

इथे नामकरण येतं. प्रत्येक प्रजातीच्या नावाला एक नमुना-जाती बांधलेली असते. प्रजाती फुटली की नाव त्या जातीच्या गटाकडे राहतं. अकेशियाची नमुना-जाती आपली बाभूळच होती. तो नियम लावला असता तर ऑस्ट्रेलियातल्या सुमारे हजार जातींची नावं बदलावी लागली असती. म्हणून नमुना-जातीच बदलून तिथली घ्यावी असा प्रस्ताव आला. २००५ साली व्हिएन्नाच्या वनस्पतिशास्त्र परिषदेत निम्म्याहून जास्त मतं विरोधात पडली, पण प्रस्तावाच्या बाजूने झालेली नामकरण समितीची शिफारस फेटाळायला साठ टक्के लागत होती. प्रस्ताव टिकला आणि २०११ साली मेलबर्नला तो कायम झाला.

मला फाटाफूट पूर्ण पटते, नाव ऑस्ट्रेलियाला देणं आजही पटत नाही. आफ्रिका आणि भारतातल्या झाडांचा त्यावर पहिला हक्क होता. तरी लिहिताना मी व्हॅचेलियाच लिहितो, कारण जगभर एका झाडाला एकच मान्य नाव असणं जास्त मोलाचं आहे. शिवाय ते नाव १८३४ चं आहे. मद्रासेत काम केलेल्या रॉबर्ट वाइट आणि त्यांचे सहकारी आर्नॉट यांनी ते दक्षिण भारताच्या वनस्पतींवर लिहिताना दिलं होतं.

प्रोजेक्टमध्ये ‘व्हॅचेलिया निलोटिका, पूर्वीचं नाव अकेशिया निलोटिका’ असं लिहा. जुनी पुस्तकं चाळताना बाभूळ, खैर, हिवर सगळी अकेशियाखालीच सापडतील. आणि वेडी बाभूळ यात घेऊ नका. तिचं नाव बाभूळ असलं तरी ती या पाचांपैकी कुठल्याच प्रजातीत येत नाही.