सायकलवाले डाव्या कडेने न जाता रस्त्याच्या मधूनच का चालवतात?

तुम्ही विचारलंय की रोज सकाळी ऑफिसला जाताना पुण्यात पौड रोडवर चांदणी चौकाच्या अलीकडे सायकलवाले आडवे येतात, डावीकडे चांगली दोन-तीन फूट जागा मोकळी दिसते तरी कडेला जात नाहीत, हॉर्न दिला तर साइड द्यायची सोडून हात दाखवतात, आणि रोड टॅक्स भरणारा माणूस मागे रखडतो. मी त्याच भागात राहतो, कारही चालवतो आणि सायकलही, त्यामुळे जरा सविस्तर सांगतो.

ती दोन-तीन फूट जागा कारमधून मोकळी दिसते, सायकलवरून नाही दिसत. पुण्यात रस्त्यावर डांबराचे थरावर थर चढतात आणि ड्रेनेजच्या चेंबरची झाकणं आहेत तिथेच खाली राहतात, म्हणजे कडेला दर थोड्या अंतरावर चार-पाच इंचाचा खड्डाच असतो, आणि कारची चाकं त्यात कधी जातच नाहीत म्हणून कारवाल्याला तो माहीतच नसतो. पावसाळी पाण्याच्या जाळ्या तर त्याहून वाईट, काही ठिकाणी त्यांचे गज रस्त्याच्या दिशेने उभे बसवलेत. रोड बाइकचा, म्हणजे वेगाने चालवायच्या सायकलचा, टायर अडीच सेंटीमीटरच्या आसपास रुंद असतो, तो त्या फटीत सरळ आत जातो आणि माणूस हँडलवरून पुढे. काँक्रीटचा रस्ता आणि कडेचे पेव्हर ब्लॉक यांच्यामध्ये जी लांब फट असते तीही तशीच, एकदा चाक तिच्यात अडकलं की हँडल वळत नाही. त्यात खडी, बाटलीच्या काचा, उभ्या केलेल्या गाड्या, थांब्यावर शिरणारी बस आणि समोरून राँग साइडने येणाऱ्या टू-व्हीलर, त्या तर कडेनेच येतात.

म्हणून ज्याला थोडा अनुभव आहे तो सायकलवाला कडेपासून तीन-चार फूट आत चालवतो. ही जागा तो मुद्दाम ठरवून घेतो. अगदी कडेने गेला तर प्रत्येक चेंबरला त्याला अचानक उजवीकडे यावं लागतं, आणि मागच्या गाडीसाठी हे अचानक येणंच सगळ्यात घातक. तुम्हाला जो "मध्ये" चालणारा वाटतो तो खरं म्हणजे सरळ रेषेत चालायचा प्रयत्न करतोय, म्हणजे तो पुढच्या क्षणाला कुठे असेल हे तुम्हाला कळावं.

हॉर्नचं सांगतो. लांबून एक हलका हॉर्न दिलात तर काहीच हरकत नाही, उलट बरंच. पण अगदी मागे येऊन मोठा हॉर्न वाजवला की माणूस दचकतो आणि उजव्या खांद्यावरून मागे बघतो, आणि ज्या बाजूला मान वळते त्या बाजूला हँडल आपोआप थोडं ओढलं जातं. म्हणजे तुमच्या हॉर्नने तो डावीकडे जाण्याऐवजी उजवीकडे, तुमच्या बंपरकडे सरकतो. मोकळ्या ग्राउंडवर सायकल घेऊन मागे बघून पाहा, लगेच लक्षात येईल.

आणि तो हात. काही लोक चिडून हातवारे करतात हे खरंय, ते चुकीचंच आहे. पण बहुतेक वेळा तो इशारा असतो. हात खाली करून रस्त्याकडे बोट दाखवलं म्हणजे खड्डा आहे, हे मागच्या सायकलवाल्यासाठी असतं. तळवा मागे करून धरला म्हणजे थांबा, पुढून काहीतरी येतंय. हात मागून पुढे हलवला म्हणजे या, रस्ता मोकळा आहे, जा पुढे. तुम्हाला जो राग वाटला, त्यात निम्म्या वेळा तरी तो तुम्हाला वाट देत होता असं मला वाटतं.

टॅक्सचा मुद्दा तर दर वेळी निघतो. गाडी घेताना भरतो तो वाहन कर राज्य सरकारच्या तिजोरीत जातो. शहरातले रस्ते मुख्यतः महापालिका तिच्या बजेटमधून करते, त्यात मिळकत कर असतो, जीएसटीचा वाटा असतो, आणि साबण घेणारा प्रत्येक माणूस जीएसटी भरतो, सायकलवालासुद्धा. मोटार वाहन कायद्यात सायकल मोटार वाहन नाही म्हणून तिला लायसन्स आणि नंबर प्लेट नाही, पण म्हणून रस्त्यावरचा हक्क कमी होत नाही. जिथे सायकलला खरोखर बंदी आहे तिथे ती सरळ घातलेली आहे, मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे, वांद्रे-वरळी सी लिंक, अटल सेतू. पौड रोड त्यात येत नाही.

आता एक गोष्ट मला मनापासून सांगायचीये. तुमच्या प्रश्नातला सायकलवाला म्हणजे हेल्मेट आणि घट्ट कपडे घातलेला, लाख रुपयांची सायकल घेतलेला हौशी माणूस आहे. त्याला तुमचा राग झेपतो, तो ग्रुपमध्ये असतो, मागे लाल ब्लिंकर असतो. पण त्याच रस्त्यावर सकाळी सहा-साडेसहाला नाइट ड्यूटी संपवून घरी निघालेले वॉचमन असतात, पेपर टाकणारी मुलं असतात, साइटवर निघालेले बिगारी असतात. साधी काळी सायकल, हँडलला डबा, लाइट नाही. त्यातल्या एका काकांशी पंक्चरच्या दुकानात बोलणं झालं, टायर काढून होईपर्यंत दोघंही बाकड्यावर बसलो होतो. ते म्हणाले, "मी हॉर्न आला की आधी खाली उतरतो, मग बघतो कोण आहे." म्हणजे बारा तास उभी ड्यूटी करून आलेला साठीचा माणूस प्रत्येक हॉर्नला सायकल खडीत घालतो, पाय टेकतो, गाडी जाऊ देतो, परत पेडल मारतो, आणि हे त्याच्या दृष्टीने इतकं रोजचं झालंय की सांगताना आवाजात तक्रारसुद्धा नव्हती. मला त्याचा जास्त त्रास झाला. तुम्हाला साइड न देणारा सायकलवाला आठवतो, पण दर वेळी साइड देऊन बाजूला उतरणारा लक्षातच येत नाही आणि असे कितीतरी असतात.

रस्ता रुंद केला की हे सुटेल असंही नाही. नव्या मुंबईत पाम बीच रोड चांगला रुंद आहे, तिथे फेब्रुवारी २०२४ मध्ये अवतार सैनी, इंटेलचे भारतातले माजी प्रमुख, पहाटे ग्रुपबरोबर सायकल चालवत असताना भरधाव कॅबच्या धडकेत गेले. ते मोठे होते म्हणून देशभर बातमी झाली. चांदणी चौकातसुद्धा ऑक्टोबर २०२२ मध्ये जुना पूल पाडला, ऑगस्ट २०२३ मध्ये नवे रॅम्प आणि पूल सुरू झाले, कारला फार सोयीचं झालं, मीही वापरतो. पण सायकलने सरळ जायचं असेल तर जिथे रॅम्प येऊन मिळतो तिथे डावीकडून वेगात येणाऱ्या गाड्या आणि उजवीकडच्या गाड्या यांच्या मधोमध काही सेकंद राहावंच लागतं, दुसरा मार्गच नाही. तिथे सायकलवाला "मध्ये" दिसला तर प्लीज समजून घ्या.

सायकल ट्रॅक वापरा म्हणाल तर वापरले असते हो. २००६ च्या शेवटी सातारा रोडला बीआरटी, म्हणजे बससाठी वेगळी लेन, सुरू झाली त्या काळात बाजूने ट्रॅकही बांधले, २०१७ मध्ये महापालिकेने अख्ख्या शहराचा सायकल आराखडा मंजूर केला, त्यात ८०० किलोमीटरहून जास्त ट्रॅक कागदावर आहेत. प्रत्यक्षात जे आहेत त्यांच्यावर टू-व्हीलर लावलेल्या असतात, मध्येच विजेचा डीपी, मध्येच झाड, मग ट्रॅक संपतो आणि समोर फूटपाथची पायरी. एके काळी सायकलींचं शहर म्हणून ओळखलं जाणारं हे गाव, वाईट वाटतं.

आमच्या बाजूच्या चुकाही सांगतो कारण त्यावरून ग्रुपमध्ये मी कायम भांडतो. रविवारी तीन-तीन जण शेजारी शेजारी गप्पा मारत मुळशीला जाणं चूक, मागे गाडी आली की एका रांगेत यायलाच पाहिजे. उजाडायच्या आत बिना लाइटचं निघणं चूक, इअरफोन चूक, सिग्नल तोडणं तर अजिबात चालणार नाही, आपण सिग्नल तोडला की त्याचा राग पुढच्या चौकातल्या दुसऱ्याच सायकलवाल्यावर निघतो.

तुमच्यासाठी वेळेचा हिशोब सांगतो. सायकल ताशी १८ ने चाललीये आणि तुम्ही ४० ने गेला असता, तर शंभर मीटर तिच्या मागे राहिल्याने तुमचे ११ सेकंद जातात. वनाझच्या सिग्नलला त्याहून जास्त थांबता. ओव्हरटेक करताना दीड मीटर अंतर ठेवा, जर्मनीत २०२० पासून हे कायद्यातच आहे, शहरात दीड आणि बाहेर दोन मीटर. तेवढी जागा नसेल तर त्या लेनमधून पास होताच येत नाही, मग तो कडेला असो की मध्ये. ओव्हरटेक करून लगेच डावीकडे कट मारू नका, वळायचंच असेल तर त्याच्या मागे थांबून वळा, डंपर आणि मिक्सरखाली सायकलवाले सापडतात ते बरेचदा असंच. आणि गाडी लावल्यावर ड्रायव्हरचं दार डाव्या हाताने उघडायची सवय लावा, त्याने अंग आपोआप मागे वळतं आणि मागून येणारा दिसतो.

बाकी खचलेलं चेंबर दिसलं तर फोटो काढून महापालिकेच्या पीएमसी केअर ॲपवर टाका, लोकेशनसकट. मी टाकत असतो, काही दुरुस्त होतात, काहींची तक्रार काम न होताच बंद होते, मग परत टाकतो. तक्रार करायला सायकल लागत नाही, आणि तुमच्या रस्त्यावरचं एकेक चेंबर वर आलं की तेवढ्या पट्ट्यात सायकलवाला डावीकडे सरकलेला तुम्हालाच दिसेल. सुरुवात चांदणी चौकाकडे चढताना डाव्या हाताला बस थांब्याच्या पुढे जे आहे तिथून करा, मी आधीच टाकलंय, अजून एकाने टाकलं तर बरं होईल.